खिडकीचं हँडल बदलण्याआधी खिडकी तपासा

जून लागतो, पहिला दमदार पाऊस होतो, कूलर खिडकीतून उतरवला जातो आणि नागपुरातल्या कितीतरी घरांत त्याच संध्याकाळी कळतं की खिडकी बंदच होत नाही. मार्चपासून पल्ला बाहेर सताड उघडा असतो. पारा ४५ च्या पुढे गेलेले दिवस त्यानं उन्हात काढलेले असतात आणि कूलरचे तुषार हँडलवर बसत राहिलेले असतात. बोअरचं पाणी असेल तर क्षार आलेच; हँडलच्या सांध्यात पांढरा थर धरतो आणि सगळं जाम होतं. मग बाहेर वादळ सुटलेलं, पल्ला आपटतोय, आणि घरातलं कोणीतरी दोन्ही हातांनी हँडल ओढतंय. कट्. तुकडा हातात.

हँडल बदलणं हे घरी करण्यासारखं काम आहे. पेचकस, पक्कड आणि एक मोकळी सकाळ, एवढं बहुतेक वेळा पुरतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मात्र इतवारी बाजाराच्या तीन चकरा झाल्या आणि एक काच फुटली. त्या चकरा तुमच्या वाचाव्यात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचं घर टप्प्याटप्प्यानं वाढलेलं. समोरच्या खोलीला सागवानी खिडक्या, स्वयंपाकघराला लोखंडी आणि नंतर बांधलेल्या वरच्या मजल्याला ॲल्युमिनियमच्या सरकत्या. चौथा प्रकार, म्हणजे यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची), ताईच्या फ्लॅटमध्ये हाताळला. चौघींचे स्वभाव वेगळे, पण सुरुवात एकच.

हँडल खरंच दोषी आहे का?

पल्ला पूर्ण उघडा आणि चौकटीपासून दूर, हवेतच हँडल फिरवून बघा. तिथे ते मोकळं फिरतंय आणि पल्ला लावल्यावर मात्र जोर लागतोय, तर दोष हँडलचा नाही. पल्ला खाली बसलाय, बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत किंवा चौकटीवरची पट्टी सरकलीये. अशा खिडकीला नवं हँडल लावलंत तर पुढच्या जूनमध्ये तेही तुटेल. बाजारातली बरीच स्वस्त हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव असतात. ती वाकत नाहीत, थेट मानेपाशी मोडतात.

पल्ला बसलाय की नाही हे पाहायला एक लग्नपत्रिका घ्या (घरात ढीग असतोच). पल्ला लावून वरच्या फटीत ती बिजागरीच्या टोकापासून हँडलच्या टोकापर्यंत सरकवत न्या. एका टोकाला सैल जाते आणि दुसऱ्या टोकाला अडते, म्हणजे पल्ला तिरपा झालाय. आधी बिजागरी आवळा, स्क्रू धरत नसतील तर बदला, आणि मगच हँडलकडे वळा. निम्म्या वेळा इथेच काम संपतं.

हवेतही हँडल घट्ट फिरत असेल तर सांध्यात गंज किंवा क्षार आहे. तेल सोडा, अर्धा तास थांबा, पुन्हा बघा. हँडल पूर्ण पायासकट डुगडुगत असेल तर ते शाबूत आहे, भोकं गेलीत. आणि गोल गोल फिरतंय पण काहीच पकडत नाही, तर आतला चौकोनी दांडा झिजलाय किंवा निसटलाय.

मापं आणि नमुना

हँडल काढल्याशिवाय दुकानात जायचं नाही. मी गेलो होतो. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "नमुना आणला का जी?" मी ऐटीत मोबाइल पुढे केला. "फोटोत आटे मोजता येते का भाऊ?" पहिली चकर तिथेच वाया गेली.

जुनं हँडल, त्याचा निदान एक धड स्क्रू आणि चौकटीवरची ज्या पट्टीत ते अडकतं ती पट्टी, तिन्ही प्लास्टिकच्या पिशवीत टाका. शिवाय फोटोही हवाच, पण खोलीच्या आतून काढलेला, ज्यात बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते दिसेल. हँडलं डावी आणि उजवी अशी वेगळी येतात. दुकानात उभं राहून "आतून डावं की बाहेरून डावं" हा वाद फोटो लगेच मिटवतो.

दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मोजताना मध्यापासून मध्यापर्यंत डोळ्यानं अंदाज घेऊ नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. आकडा तोच येतो आणि चूक होत नाही. हे मिलीमीटरमध्येच लिहा.

आणखी एक माप आपल्याकडे फार महत्त्वाचं: ग्रिल. पल्ले बाहेर उघडतात, ग्रिल आत असतं आणि हात गजांमधून घालून हँडल फिरवावं लागतं. हँडलच्या मुळापासून जवळच्या गजापर्यंत किती जागा आहे ते मोजा. माझी दुसरी चकर यासाठी झाली. सुंदर, लांब दांडीचं पितळी हँडल आणलं, बसवलं, फिरवलं आणि ते पाऊण वळणावर गजाला टेकून थांबलं.

सामान चौकातल्या हार्डवेअरमध्येही मिळतं. पण जुन्या लोखंडी खिडकीचं हँडल हवं असेल तर इतवारीत लोहाओळीच्या बाजूला गेलेलं बरं. सरकत्या खिडकीचं लॉक मात्र ॲल्युमिनियमचे सेक्शन (चौकटीच्या पोकळ पट्ट्या) विकणाऱ्याकडेच मागा. पितळ आणि मिश्रधातू यांत शंका असेल तर हातात तोलून बघा आणि मागची बाजू पाहा. पितळ आतूनही पिवळं असतं. नुसता मुलामा असेल तर कानशीच्या एका घासण्यात करडा रंग दिसतो. दुकानदाराला विचारून घासा, एवढंच.

लोखंडी खिडकी

सगळ्यात जास्त चिवट हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. पट्टीच्या चौकटीत काचा, काचांच्या कडेला लांबी (पुट्टी) भरलेली, बाजूला पक्ष्याच्या चोचीसारखं नाक असलेलं हँडल आणि खाली खुंटीवर अडकणारी भोकांची पट्टी, अशी ही रचना. हँडलची चोच चौकटीवरच्या छोट्या उंचवट्यावर चढते आणि पल्ला आत ओढून धरते.

सकाळी लवकर सुरू करा. उन्हाळ्यात अकरा वाजता या लोखंडाला हात लावता येत नाही. पल्ला अर्धा उघडून सुतळीनं ग्रिलला बांधा, नाहीतर ऐन वेळी वारा येतो आणि बोटं सापडतात. खाली वर्तमानपत्र पसरा.

स्क्रू दिसतच नसतील, कारण दर दिवाळीला त्यांच्यावर ऑइल पेंटचा एक हात चढलाय. मोडक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घ्या आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच कोरून साफ करा. खाच तळापर्यंत मोकळी झाल्याशिवाय पेचकस लावू नका. वरच्या वर घसरला की खाचेच्या कडा जातात आणि पुढचं सगळं अवघड होतं. मग डब्ल्यूडी-४० मारा आणि वीस मिनिटं चहा घ्या. स्प्रे नसेल तर शिलाई मशीनचं तेलही चालतं, फक्त रात्रभर मुरू द्या.

आता खाचेत नेमका बसेल असा रुंद पेचकस घ्या आणि स्क्रू आधी किंचित आवळा. सोडवायचाय आणि आवळा कसं म्हणतो, असं वाटेल. पण त्या केसभर आवळण्यानं गंजाची पकड तुटते. लगेच उलट फिरवा. डोकं घसरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खाचेवर ठेवून त्यावरून पेचकस दाबा.

हातोडी मारू नका. मी पेचकसाच्या मुठीवर "थोडीशी" मारली होती. जुनी लांबी दगडासारखी कडक झालेली असते. धक्का ती झेलत नाही, थेट काचेला देते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बारीक रेघ गेली आणि नव्या हँडलपेक्षा काचेचंच काम महाग पडलं. ठोकण्यावाचून इलाज नसेल तर पल्ल्याच्या पट्टीला मागून लाकडाचा जाड ठोकळा टेकवून कोणाला तरी धरायला सांगा.

काही खिडक्यांना हँडल स्क्रूनं नाही, रिव्हेटनं जडलेलं असतं. रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध खूण ठोका (ठोकळा विसरू नका). आधी ३ मिलीमीटरच्या आणि मग ५ च्या ड्रिलनं डोकं उडवा, उरलेला दांडा खिळ्यानं मागे ढकला. चष्मा घाला, लोखंडाचा कीस डोळ्यात जातो. परत रिव्हेट मारण्याच्या भानगडीत पडू नका. आरपार बोल्ट, मागे नट आणि मध्ये स्प्रिंग वॉशर, हे पुढच्या वेळी काढायलाही सोपं.

उघड्या पडलेल्या लोखंडावरचा गंज पॉलिश पेपरनं घासा आणि रेड ऑक्साइडचा एक हात द्या. पूर्ण वाळू द्या. बहुतेक लोक हे टाळतात आणि पुढच्या पावसात नव्या हँडलखालून तपकिरी ओघळ येतात.

आता आट्यांची गोष्ट. जुन्या खिडक्यांना बरेचदा ३/१६ इंची स्क्रू असतात आणि दुकानात हल्ली ५ मिलीमीटरचे मिळतात. ३/१६ इंच म्हणजे साधारण पावणेपाच मिलीमीटर. दिसायला जुळे भाऊ, पण आटे वेगळे. नवा स्क्रू एक-दोन वळणं जातो आणि मग अडतो. रेटलात तर भोकाचे आटे जातात. जुना स्क्रू सोबत न्यायचा तो यासाठी. भोकाचे आटे आधीच गेले असतील तर ५ मिलीमीटरच्या टॅपनं, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारानं, नवे पाडून घ्या. टॅप अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, असा तेल लावत फिरवायचा. सरळ रेटत नेला तर तो आतच मोडतो.

नवं हँडल लावल्यावर स्क्रू अर्धेच आवळा, पल्ला लावून चोच उंचवट्यावर नीट चढते का बघा. फार घट्ट चढत असेल तर उंचवट्याची धार कानशीनं थोडी उतरवा. सैल असेल आणि पल्ला खडखडत असेल तर चौकटीवरच्या पट्टीखाली पातळ वॉशर घाला. मगच पूर्ण आवळा. सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडा.

तिसरी चकर? डावं-उजवं.

सागवानी खिडकी

इथे हँडल म्हणजे एक मूठ, वर-खाली बोल्ट आणि बाहेर वाऱ्यात पल्ला धरून ठेवणारी आकडी. तुटतं कमी, सैल होतं जास्त. स्क्रूचं भोक मोठं झालेलं असतं. बांबूच्या कामट्या किंवा गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा. चोवीस तास हात लावू नका. नंतर वर आलेला भाग पटाशीनं सपाट करा आणि स्क्रू नव्यानं लावा. लांब स्क्रू घालून वेळ मारून नेण्यापेक्षा हे टिकतं.

जुनं सागवान कडक असतं. ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिलीमीटरचं भोक पाडलंच पाहिजे. पितळी स्क्रू लावायचे असतील तर सुताराची एक युक्ती आहे. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी पूर्ण घालायचा, काढायचा आणि मग त्या तयार वाटेनं पितळी घालायचा. पितळ मऊ असतं, कोऱ्या भोकात पिळलं की डोकं तुटून हातात येतं आणि धड लाकडात राहतं. आट्यांना जरा साबण किंवा मेण चोळा.

बोल्टचं भोक चौकटीत नेमकं कुठे पाडायचं, हा नेहमीचा प्रश्न. बोल्टच्या टोकाला ओलं कुंकू लावा, पल्ला जागेवर लावून बोल्ट सरकवा. चौकटीवर टिकली उमटते. तिच्या मधोमध ड्रिल.

एक इशारा. मे महिन्यात लाकूड सुकून आकसलेलं असतं. तेव्हा अगदी चपखल बसवलेला बोल्ट पोळ्याच्या सुमारास, लाकूड फुगल्यावर, सरकत नाही. उन्हाळ्यात काम करत असाल तर भोकाला चारी बाजूंनी दीड-दोन मिलीमीटर मोकळीक ठेवा. आणि पावसाळ्यात अडतंय म्हणून पल्ला रंधून काढू नका. हिवाळ्यात त्याच फटीतून वारा शिरेल.

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी

हिचं हँडल म्हणजे बहुतेक वेळा पल्ल्याच्या उभ्या सेक्शनमध्ये बसवलेलं लॉक. त्याची आकडी बाजूच्या चौकटीतल्या खाचेत अडकते. लॉक लागत नाही अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी खालचा ट्रॅक बघा. नागपूरची धूळ आणि कूलरच्या पाण्याचा क्षार मिळून तिथे सिमेंटसारखा थर होतो. जुन्या टूथब्रशनं आणि कोमट पाण्यानं काढा. अडून बसलेल्या थरावर व्हिनेगर पाच मिनिटं ठेवून धुऊन टाका. संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही नाही, ते ॲल्युमिनियम खातं.

तरीही पल्ला खाली बसलेला असेल तर बेअरिंग (पल्ल्याखालची चाकं) झिजलीये. पल्ला आतल्या बाजूनं काढायचा: आधी वरच्या ट्रॅकमध्ये उचलून धरायचा, मग खालची कड आत ओढायची. दोघं जण हवेत, आणि पल्ला उचलू नये म्हणून वर एखादा अडसर स्क्रू आहे का ते आधी पाहा. वरच्या मजल्यावर हे काम ग्रिल नसलेल्या खिडकीत एकट्यानं करू नका. बेअरिंग बदलल्यावर लॉकची आकडी पुन्हा खाचेसमोर येते आणि जुनं लॉक व्यवस्थित चालतं, असं माझ्याकडे चारपैकी तीन खिडक्यांत झालं.

चौथीचं लॉक बदलावं लागलं. दोन स्क्रू काढले की ते खाचेतून बाहेर येतं. नवं घेताना मुखपट्टीची लांबी, दोन स्क्रूंमधलं अंतर आणि आकडी किती बाहेर येते ही तीन मापं जुळायला हवीत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधे लोखंडी स्क्रू ओलाव्यात गंजून ॲल्युमिनियमला चिकटतात. भोक मोठं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू लावा, पण सेक्शन पातळ असतो, हातानंच आवळा, ड्रिल मशीननं नाही.

ट्रॅकला तेल घालू नका. चार दिवसांत त्यावर धुळीचा चिखल होतो. सिलिकॉन स्प्रे मारा, नाहीतर पांढरी मेणबत्ती ट्रॅकवर घासा.

यूपीव्हीसी

ताईचा फोन आला होता, "अरे, हँडल गोल गोल फिरते, पण खिडकी काही उघडत नाही!" बेसाकडचा फ्लॅट, नवी पद्धत. एक हँडल फिरवलं की पल्ल्याच्या आतली पट्टी तीन-चार ठिकाणी एकदम लॉक होते.

हँडलच्या पायथ्याशी प्लास्टिकचं झाकण असतं. ते थोडं पुढे ओढून ९० अंशांत फिरवलं की खाली दोन स्क्रू दिसतात. काही हँडलांत ते बारीक बुचांखाली लपलेले असतात. शक्य असेल तर पल्ला उघडा ठेवून, हँडल आडवं असताना ते काढा. ताईची खिडकी बंदच अडकली होती. तेव्हा हँडल काढून आतल्या चौकोनी भोकात तसाच दांडा घातला आणि पक्कडीनं हळूच फिरवला. सहज फिरला आणि पल्ला उघडला, म्हणजे दोष हँडलचाच. इथे दांडा अडला असता तर आतली यंत्रणा बिघडली असं समजून कंपनीचा माणूस बोलवायचा. ते घरी उघडण्यासारखं नसतं.

नव्या हँडलची मापं बरीचशी ठरलेली आहेत: दांडा ७ मिलीमीटर चौरस, स्क्रूंमधलं अंतर ४३ मिलीमीटर, स्क्रू ५ मिलीमीटरचे. तरी मोजून घ्या. दांड्याची लांबी मात्र वेगवेगळी येते. जास्त असेल तर हॅक्सॉनं कापता येतो. कमी असेल तर वरवर पकडतो आणि महिन्याभरात पुन्हा गोल गोल. बसवताना आतली यंत्रणा ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत हँडल धरा: पल्ला उघडा असेल तर आडवं. स्क्रू बेतानं आवळा, जास्त आवळले तर हँडल घट्ट फिरतं.

ही खिडकी सकाळी लागते आणि दुपारी तीनला अडते, अशीही तक्रार असते. यूपीव्हीसी उष्णतेनं ॲल्युमिनियमच्या अडीच-तीन पट फुगतं. म्हणून लॉकच्या चौकटीवरच्या पट्ट्या दुपारच्या उन्हात जुळवून बघा, सकाळच्या गारव्यात नाही.

काम झाल्यावर

हँडल वीसेक वेळा उघडझाप करा, मग स्क्रू पुन्हा एकदा तपासा. पहिल्या आठवड्यात ते थोडे बसतात, त्यामुळे पाव वेढा आणखी लागतो. पुढच्या मार्चमध्ये कूलर लावायच्या दिवशी त्या खिडकीच्या हँडलला ग्रीस चोळा आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून सुतळीनं बांधा. घरात हसतात, पण जूनमध्ये पिशवी सोडली की हँडल फिरतं.

एकाच प्रकारच्या चार खिडक्या असतील तर एक हँडल जास्तीचं घेऊन ठेवा, कारण तोच नमुना दोन वर्षांनी मिळेलच असं नाही. आमच्याकडे ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सोबत ३/१६ चे चार स्क्रू आणि डब्याच्या झाकणावर बायकोच्या अक्षरात लिहिलेलं: "स्वयंपाकघर, आतून डावं."